दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

माझं दुकान रेकॉर्ड भाड्याने देण्याचं होतं. दर बुधवारी संध्याकाळी तिथे कोर्ट भरायचं. एकेक जुना रॉक अल्बम लावायचा आणि त्यातलं सोनं कुठलं, भरताड कुठलं, यावर भांडायचं. दातांचा डॉक्टर, नकाशे काढणारा, माझी ताई आणि मी. भांडण असं रंगायचं की छताचा पंखासुद्धा ऐकायला थांबायचा. वीज गेली होती असं डॉक्टर म्हणतो, पण तो दाढाही नको तिथल्या उपटायचा.

हात वर करून निकाल लागायचा आणि निकालाची अंमलबजावणी माझ्याकडे. भरताड ठरलेल्या गाण्याच्या रेघांवर मी पारदर्शक चिकटपट्टीचे बारीक तुकडे गोल जोडत लावायचो. सुई त्यावरून घसरून थेट पुढच्या गाण्यात पडायची. गिऱ्हाइकाचा वेळ वाचला. लोक आभार मानायचे. निदान मी तरी तसं सांगतो.

त्या एका अल्बमवर मात्र ताई अडून बसली होती. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं.

"अख्ख्या अल्बममध्ये तेवढंच गाणं आहे," ती म्हणाली. "बाकी सगळा नुसता आरडाओरडा."

"ताई, त्यांच्याकडे चार मिनिटं उरली होती म्हणून घातलंय ते."

"तुला काय कळतंय, धाकट्या. तू गाणी ऐकत नाहीस, तपासतोस."

तीन विरुद्ध एक. मी पट्टी लावली. त्याला आता चाळीस वर्षं झाली.

परवा ताई रिक्षातून उतरली आणि चपला न काढताच आत आली. तिचा उजवा कान कधीच गेलाय. डाव्यामागे गाठ निघाली. शुक्रवारी ती काढणार, आणि गाठीबरोबर ऐकू येणंही जाणार, असं इस्पितळातल्या डॉक्टरांनी तिला तोंडावर सांगितलंय.

"ते तिसरं गाणं लाव," ती म्हणाली. "तेवढं ऐकते आणि जाते."

फोनवर शोधलं. अल्बम सापडला, नवापैकी गाणी आठ. नेमकं तेच कुणी चढवलंच नव्हतं. जगात माझ्यासारखे शहाणे कमी नाहीत.

मग रेकॉर्ड काढली. कोमट पाणी, साबणाचा फेस, दाढीचा मऊ ब्रश. पट्टी सुटेना. नखाने धरली तर तिचे कडक कपचे निघायला लागले आणि खाली पिवळा डिंक काचेसारखा बसलेला. दुपारभर मी घासत होतो. ताई शेजारी स्टुलावर, डावा कान माझ्याकडे करून.

"हळू. खरवडू नकोस."

"नाही खरवडत."

खरवडत होतो.

शेवटी सुई ठेवली. खर्र, खर्र, आणि मध्येच तळातून काहीतरी वर आल्यासारखं. गिटार असेल, नाहीतर डिंकाचा गोळा. ताईने कान स्पीकरला टेकवला.

"अजून सुरू व्हायचंय का?"

मी आयुष्यभर थापा मारल्या. एकदा ढोलकीचा आवाज बाटलीत भरून विकला, हे अजून लोक खरं मानतात. इथे मात्र एक थाप सुचेना.

"हेच आहे, ताई."

कान स्पीकरवरून उचलून ती म्हणाली, "मग तू म्हण. तू तर इतकं भांडला होतास."

मला ते येत नव्हतं. त्या बुधवारी अर्ध्यातच मी सुई उचलली होती आणि हात वर करा म्हटलं होतं. ते गाणं मी पूर्ण ऐकलेलंच नव्हतं.

ताईला तोंडावरून कळलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने एक ओळ गुणगुणली, बेसूर, दुसऱ्या ओळीत अडखळली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि तिथेच अडखळली.

"पुढचं आठवत नाही रे," ती म्हणाली. "तुला आठवतंय का?"