धोंड्याचं जहाज

जहाज जावयाला द्यायचं, असं शहादेवरावांनी परस्पर जाहीर केलं आणि टॉवेल खांद्यावर टाकून ते आंघोळीला गेले. स्वयंपाकघरात हरभऱ्याची डाळ निवडत बसलेल्या वनिताबाईंनी मान वर केली, तोवर न्हाणीतून पाण्याचा आवाज यायला लागला होता. त्यांची ही जुनीच खोड. निर्णय सांगायचा आणि लगेच नळ नाहीतर टीव्ही मोठा करायचा, म्हणजे उत्तर ऐकावं लागत नाही.

हे जहाज होतं एका हॉलिडे क्लबच्या पॉइंटांमध्ये. बारा वर्षांपूर्वी दोघं भाचीच्या लग्नाला तेव्हाच्या औरंगाबादेत गेले होते. तिथं एका हॉटेलात जोडीनं या, माहिती ऐका आणि फुकट जेवा, असं आमंत्रण मिळालं. फुकटचं जेवण शहादेवरावांनी आजवर सोडलेलं नाही. जेवणाआधी एका चुणचुणीत मुलीनं चांगले दोन तास डोकं खाल्लं आणि शेवटी वनिताबाईंकडे वळून विचारलं, "मॅडम, तुम्हाला कुठं जावंसं वाटतं?"

वनिताबाई अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात सिस्टर. तुम्हाला काय होतंय, हे लोकांना विचारण्यात त्यांची निम्मी हयात गेलेली. तुम्हाला काय हवंय, हे त्यांना विचारणारी ती पहिलीच. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "समुद्रात राहायचंय. काठावर नाही, आत." त्या एका वाक्यापायी त्यांच्या वेतन आयोगाचा सगळा फरक क्लबच्या सभासदत्वात गेला. दर वर्षी पॉइंट मिळणार, ते साठवायचे आणि हवे तिथे राहायला वापरायचे. देखभालीचे म्हणून दर वर्षी पैसेही भरायचे असतात, ते मात्र जेवण झाल्यावर कळलं.

समुद्र काही घडला नाही. कधी रजा मिळाली नाही, कधी करिष्माची बारावी आडवी आली. एकदा महाबळेश्वर झालं, तिथं शहादेवरावांनी मुक्कामभर ज्वारीची भाकरी कुठं मिळते याचाच शोध घेतला. एकदा दिराच्या मुलाच्या मधुचंद्राला पॉइंट गेले. बाकीचे मुदत संपून आपोआप मेले. गेल्या वर्षी वनिताबाई निवृत्त झाल्या आणि त्यांनी क्लबला फोन केला, तेव्हा कळलं की तीन वर्षांच्या साठलेल्या पॉइंटांत क्रूझवर दोघांची खोली मिळते. दिवाळीनंतर मुंबईहून निघायचं आणि तीन रात्री पाण्यावर राहायचं. फक्त बुकिंग जून संपायच्या आत करायचं, नाहीतर हेही पॉइंट गेले.

शेजारचे अनिल सर गणित शिकवतात, त्यांना न विचारताही ते सल्ला देतात. "काकू, पॉइंट क्रूझला घालणं म्हणजे निव्वळ तोटा," ते म्हणाले होते. "तेवढ्यातच क्लबच्या स्वतःच्या रिसॉर्टात चार माणसं आठवडाभर राहतात. शिवाय बोटीचे कर वेगळे भरा." गणित बरोबर होतं. वनिताबाईंनी मान डोलावली आणि मनात म्हटलं, हौसेला मोल नसतं, सर.

आणि आता हे जहाज निघालं होतं जावयाला. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात. इथं बायजीच्या जागी बुवाजी होते, एवढाच काय तो फरक.

शहादेवरावांच्या बाजूनं बोलायचं तर निमित्त तसंच होतं. यंदा अधिक महिना, म्हणजे धोंड्याचा महिना. तीन वर्षांतून एकदा येणारा हा महिना म्हणजे जावयांचा सण. जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तेहेतीस अनारसे, चांदीचा दिवा, कपडे द्यायचे. लेक करिष्माचं लग्न होऊन पहिलाच धोंडा. त्यातून लग्नाच्या मांडवात शहादेवराव भर पंगतीत बोलून बसले होते, "धोंड्याला जावईबापूंना जहाजात बसवतो." जावयाच्या दिंद्रुड गावचं सगळं वऱ्हाड टाळ्या वाजवून मोकळं झालं. बोललेला शब्द परत कसा घ्यायचा?

वनिताबाई गप्प बसल्या त्या शब्दाला भिऊन नव्हे. त्यांना स्वतःचा पहिला धोंडा आठवत होता. त्यांच्या वडिलांनी ऐपतीप्रमाणे पितळेचा दिवा दिला होता आणि त्या दिव्यावरून सासूबाईंनी पुढचा प्रत्येक धोंडा साजरा केला. "आमच्याकडं आपला पितळी उजेड," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. सासूबाई गेल्या, तरी तो टोमणा वनिताबाईंच्या कानातून गेला नव्हता. आपली तीन रात्रींची हौस वाचवायची आणि पोरीला जन्मभराचं बोलणं खायला लावायचं, हे त्यांच्यानं होणार नव्हतं. म्हणून त्यांनी ठरवलं, द्यायचं. ठरवलं आणि डाळ शिजायला लावली. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी मिरचीच्या फोडणीवर ढकललं, आणि फोडणी तर अजून टाकलेलीच नव्हती.

रविवारी मंडळी आली. करिष्मा आणि तिच्या सासूबाई चतुराबाई एसटीनं आल्या, जावई अभिमन्यू मात्र उन्हातान्हाचा तोंडाला रुमाल बांधून मोटारसायकलवर. तो वीज मंडळात वायरमन. अंगानं काटक, बोलायला कमी. शहादेवरावांनी त्याला पंख्याखाली बसवलं आणि लगेच जहाज सोडलं.

"जहाजावर पोहायचा हौद असतो, जावईबापू. म्हणजे बघा, खाली समुद्र आणि वर पुन्हा हौद."

"हो मामा," अभिमन्यू म्हणाला आणि त्यानं आणखी एक तांब्या पाणी मागितलं.

शहादेवरावांनी हे उत्साहाचं लक्षण धरलं. जेवणं झाली की सगळ्यांसमोर क्लबला फोन लावायचा आणि जावयाचं नाव घालायचं, असा त्यांचा बेत होता.

चतुराबाई विहीण असूनही पंख्याखाली बसल्या नाहीत. नवऱ्यामागं त्यांनी पिठाची गिरणी चालवून पोराला मोठं केलेलं. रिकामं बसणं त्यांना जमतच नसे. त्या सरळ स्वयंपाकघरात आल्या आणि पाट ओढून धोंड्यांत पुरण भरायला लागल्या. वनिताबाई कढईपाशी तळत होत्या. विहिणीला कामाला लावलं, म्हणून त्या अवघडल्या. चतुराबाईंची नजर सारखी बाहेरच्या खोलीकडं जात होती.

बाहेरून शहादेवरावांचा आवाज आला, "आणि कप्तान स्वतः हात मिळवतो बरं का."

चतुराबाईंच्या हातातला धोंडा फुटला. त्यांनी तो पुन्हा मिटवला, तो पुन्हा फुटला. वनिताबाईंनी आयुष्यभर माणसांचे चेहरे बघून ताप ओळखला होता. हा चेहरा आनंदाचा नव्हता, हे कळायला त्यांना थर्मामीटर लागला नाही. त्यांनी गॅस बारीक केला. जे कुठल्याही विहिणीनं विहिणीला विचारू नये, ते त्यांनी विचारलं.

"विहीणबाई, खरं सांगा. आम्ही जहाज दिलं नाही, तर करिष्माला काही बोलाल का?"

चतुराबाई त्यांच्याकडं बघतच राहिल्या. "मी? मी कावून बोलू?"

"लोक बोलतात."

"लोकायचं सोडा," चतुराबाईंनी पिठाचे हात कडेला पुसले आणि आवाज खाली आणला. "ईनबाई, आता तुमीच काढलं म्हून सांगते. लग्नात इवाई जहाज म्हनले, तवापासून मला झोप न्हाई. तुमी जहाज देनार, मंग आमी तोलामोलाचं काय द्यावं? गिरणी इकली तरी जहाज निघतंय का त्यातून? आन दुसरं म्हंजी, अभ्याला गाडी लागती."

"काय लागते?"

"गाडी. इथून परळीला एसटीत बसला तरी ओकतो. म्हून तर उन्हात फटफटीवर आला. नवरीकडं नेतानी बी वऱ्हाडाच्या गाडीत त्याच्या हातात मी लिंबू दिलतं. पोराची आबरू म्हून कुनाला बोलले न्हाई. तुमी त्याला तीन रात्री दर्यात टाकनार म्हनल्यावर त्याचं जेवनच तुटलंय. सासऱ्याला न्हाई कसं म्हनायचं, म्हून गप हाय."

वनिताबाईंना आधी काही कळेचना. मग छातीवरचं काहीतरी एकदम उतरलं आणि त्या कढईसमोर उभ्या उभ्याच हसायला लागल्या. इतक्या की त्यांना ओट्याला धरावं लागलं. चतुराबाई आधी दचकल्या, मग त्याही पदर तोंडाला लावून हसू लागल्या. कढईतला एक धोंडा काळा पडला, तो कुणी काढला नाही. इतके दिवस दोन घरं एकमेकांना घाबरून गप्प बसली होती आणि मधल्या मधे ते पोर उपाशी मरत होतं.

"करिष्मा," वनिताबाईंनी हाक मारली, "अभिमन्यूंना आत बोलव."

अभिमन्यू दारात आला. त्याच्या मागोमाग, आपल्याशिवाय काही चाललंय हे सहन न होऊन, शहादेवरावही आले.

"तुम्हाला जहाज नको ना?" वनिताबाईंनी विचारलं.

अभिमन्यूनं आधी आईकडं पाहिलं, मग सासऱ्यांकडं. "मामी, खांबावर म्हनाल तितक्या उंच चढतो. वादळात बी चढतो. पण..." तो थांबला. "तुमी धोंडे करा, मी पोटभर खातो. जहाज नको."

हे बोलून झाल्यावर त्याच्या तोंडावर असा काही उजेड आला की वनिताबाईंनी आजवर मुदतीच्या तापातून उठलेल्या पेशंटच्याच तोंडावर तसा पाहिला होता. शहादेवरावांचा मात्र चेहरा पडला. पण हार मानतील तर ते शहादेवराव कसले.

"हरकत नाही," ते म्हणाले. "मग अनिल सरांचं ऐकू. तेवढ्याच पॉइंटात आपण दोघं आणि ही जोडी आठवडाभर रिसॉर्टात राहू. चार माणसं! फायद्याचा सौदा."

सगळ्यांच्या माना डोलल्या. सौदा खरंच फायद्याचा होता. वनिताबाईंची मानही सवयीनं डोलायला निघाली होती, ती त्यांनी मधेच थांबवली.

"मला जहाजात जायचंय," त्या म्हणाल्या.

बारा वर्षांपूर्वी त्या मुलीपुढं बोलल्या होत्या, त्यानंतर हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच मोठ्यानं उच्चारलं होतं. एकदा बोलल्यावर त्यांना काही वाटेनासं झालं. "पॉइंट माझ्या फरकाचे आहेत. तोटा झाला तर माझा होईल. मला समुद्रात राहायचंय, तीन रात्री. तुम्ही आणि मी जाऊ."

शहादेवराव दाराच्या चौकटीला टेकले. नळ नव्हता, टीव्ही बंद होता. "वनिता," ते म्हणाले, "मला पाण्याची भीती वाटते गं."

"तुम्हाला? पाटबंधारे खात्यात जन्म गेला तुमचा."

"कागदावर. धरणाच्या भिंतीवरसुद्धा मी कधी कडेला गेलो नाही. जहाजाचा विषय निघाला की मी टीव्ही मोठा करायचो. आता निवृत्त झालीस, आता टळत नाही, म्हणून मग म्हटलं, जावयाला देऊन टाकावं. चांगुलपणाही पदरात पडेल."

वनिताबाईंना राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण त्याहून जास्त त्यांना सुटल्यासारखं झालं. खरं सांगायचं तर या माणसाला बरोबर नेलं असतं, तर तीन रात्री समुद्र बघायचा सोडून त्याची भाकरी आणि बीपीची गोळी बघावी लागली असती. तो घरी राहणार, हे ऐकून त्यांना आत कुठंतरी गार वाटलं. याची त्यांना लाज वाटली नाही.

"मग तुझ्याबरोबर कोण?" शहादेवरावांनी विचारलं. "करिष्मा?"

"माझी नोकरी नवीन आहे बाबा, दिवाळीनंतर लगेच पुन्हा रजा कोण देतंय," करिष्मा म्हणाली. "आणि मी गेले तर यांना डबा कोण देणार?" अभिमन्यूनं मुकाट्यानं मान हलवली.

चतुराबाई पुरणाचा गोळा हातात फिरवत होत्या. फिरवता फिरवता, कुणाकडंही न बघता, त्यांनी विचारलं, "जहाजात एकल्या बायांना घेत्यात का वं?"

"घेतात की," वनिताबाई म्हणाल्या. "का?"

"न्हाई, सहज. मी कारखान्याला ऊस तोडाय गेलते, तेवढंच बाहेर जानं. ते बी ह्यायच्या संगं, बैलगाडीत. पानी म्हनलं तर कालव्याचं." त्यांनी धोंडा मिटवला. या वेळी तो फुटला नाही. "पर एकल्या बाईनं जानं बरं दिसंल का?"

"दोघी गेल्यावर एकटी कोण?" वनिताबाई म्हणाल्या.

चतुराबाईंनी हळूच वर पाहिलं. मग दोघींनी मिळून शहादेवरावांकडं पाहिलं आणि शहादेवरावांनी खिशातला फोन मुकाट्यानं काढून दिला.

जेवणं आधी झाली. अभिमन्यूनं इतके धोंडे खाल्ले की चतुराबाईंनाच लाज वाटून त्यांनी ताट ओढलं. दिवा दिला, अनारसे दिले, जावयानं नमस्कार केला. मग सगळ्यांसमोर फोन लागला. क्लबच्या मुलीनं आधी वनिताबाईंचं नाव लिहून घेतलं, मग चतुराबाईंचं, आणि विचारलं, "दोघींचं एकमेकींशी नातं काय लिहू, मॅडम?"

"विहीण," वनिताबाई म्हणाल्या.

मुलगी पलीकडं काहीतरी शोधत राहिली. ते नातं तिच्याकडच्या यादीत नव्हतं. नवरा-बायको, आई-मुलगी, बहीण, मैत्रीण, यातलं काही चालेल का, तिनं विचारलं.

"बहीन लिवा म्हनावं," चतुराबाई म्हणाल्या.

"असं खोटं कसं लिहिता?" शहादेवरावांतला कारकून जागा झाला. "आडनावं वेगळी आहेत."

"सख्ख्या बहिनींची तरी लग्न झाल्यावर एक ऱ्हात्यात का, इवाई?" चतुराबाईंनी विचारलं, आणि वनिताबाईंनी फोन तोंडाजवळ धरून सांगितलं, "बहीण लिहा."