परण्या थांबला नाही

मित्रांनो, मी एक जुना ट्रंपेट आहे. एके काळी मी फार गोड वाजत असे. हे मलाच सांगावे लागते, कारण ज्यांनी ऐकले ते आता डीजेपुढे नाचतात.

माझा जन्म मेरठच्या एका कारखान्यात झाला. बेल्ह्याच्या भागूजींनी मला आणले आणि माझ्याभोवती बँड उभा केला. जुन्नर-आंबेगावात लग्न असो की यात्रा, लाल कोटातली आमची माणसे पुढे आणि सारे गाव मागे.

लग्नाआधी नवरदेव घोड्यावरून मारुतीला जाऊन मांडवात येतो. त्याला आमच्याकडे परण्या म्हणतात. परण्यात बाजा मधेच थांबला तर अपशकुन, असे लोक मानतात. आमचा बाजा कधीच थांबला नाही. एकदा अवसरीत भर उन्हात भागूजी कोसळले. त्यांच्या मुलाने, गेणभाऊने, मला त्यांच्या हातातून उचलले आणि चाल पुढे सुरू केली. वडिलांना सावलीला कोणी नेले, हेही त्याने पाहिले नाही. भागूजी त्या दुखण्यातून उठले नाहीत. गावाने मात्र गेणभाऊला फेटा बांधला, आणि मीही फुशारलो. गेणभाऊ हा किस्सा आपल्या मुलाला, रामनाथला, सारखा ऐकवायचा.

पुढे रामनाथ बँडमध्ये ढोल वाजवू लागला. एके दुपारी येडगावला कुंडलिकरावांच्या मुलाचा परण्या होता. गेणभाऊची बायको ठमाबाई नारायणगावच्या दवाखान्यात होती. सकाळी तिने चहा घेतला, म्हणून बापलेक निर्धास्त आले होते. गेणभाऊचा फोन रामनाथच्या खिशात होता. परण्या मारुतीहून वळला आणि फोन वाजला. रामनाथची बहीण आरती बोलत होती. ही भावंडे वडिलांना दादा म्हणत.

"अरं, आई लई घाबरी झालीय. दादांना बोलवतीय. लगेच धाड त्यांना."

रामनाथचा चेहरा उतरलेला पाहून कुंडलिकराव धावत आले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि त्याचा दंड धरला.

"आत्ता सांगू नको राव. बाजा थांबला तर माझ्या पोराला अपशकुन व्हईल. मांडव हितंच तर हाय."

रामनाथने फोन खिशात टाकला आणि ढोलावर टिपरू मारले.

मांडव खरेच जवळ होता. पण नवरदेवाचे मित्र हलेनात. ते नागिणीची चाल मागत, धुळीत लोळत, उठत आणि पुन्हा तीच मागत. गेणभाऊ हसत फुंकत होता. फोन पुन्हा वाजला, पुन्हा वाजला, मग वाजायचा थांबला. मी सगळे ऐकले होते, मित्रांनो. पण गेणभाऊ जे फुंकेल तेच माझ्यातून निघणार.

नवरदेव मांडवात गेल्यावर रामनाथने सांगितले. गेणभाऊ मला हातात घेऊनच मोटारसायकलवर रामनाथच्या मागे बसला. दवाखाना अगदी जवळ होता. आरती पायरीवर बसली होती.

"आई जीव जाईस्तोवर दाराकडं बघत व्हती," ती म्हणाली. "मी म्हणत व्हते, निघालेत, आलेच. कवाचा फोन केला व्हता मी!"

गेणभाऊने रामनाथकडे पाहिले.

"दादा, परण्या मधी थांबवायचा न्हाई, तुमीच शिकवलं व्हतं," रामनाथ म्हणाला.

त्या दिवसापासून गेणभाऊने मला ओठ लावले नाहीत. बँड मोडला. मी खुंटीला लटकलो, आणि माझ्या तोंडात आता कोळ्यांनी घर केले आहे.

आता रामनाथचा डीजे आहे. परवा पोलिसांनी तो परण्यातच बंद केला. रामनाथ घरी येऊन कुरकुरत होता.

"मग लगीन?" खाटेवर पडलेल्या गेणभाऊने विचारले.

"लागलं की. त्याला काय व्हतंय?"

गेणभाऊ माझ्याकडे बघत राहिला. मग कूस बदलून भिंतीकडे तोंड करून पडला.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, असे मी म्हणणार नाही. तुमच्या दारात कोणी वाजवत असेल आणि त्याच्या घरून निरोप आला, तर तेवढा त्याला आधी द्या. तुमचे लग्न लागतेच.