दंड तेलाचा, शिक्षा ओटीची

मित्रांनो, मी जुना आहे, जाड आहे आणि माझी पाठ खळीने इतक्या वेळा चिकटवली आहे की मूळचं कापड शोधूनही सापडणार नाही. मी इंग्रजी-मराठी शब्दकोश. बेळगावजवळ, हिंडलग्याच्या पलीकडच्या एका गावात, वाचनालयाच्या लोखंडी कपाटात, स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांखाली माझा मुक्काम असतो. वरची पुस्तकं दरवर्षी बदलतात. माझी जागा बदलत नाही, कारण मला कुणी मागत नाही.

माझा जन्म पुण्यातल्या एका छापखान्यात झाला. तिथून मी बेळगावच्या बाजारात आलो आणि बाजारातून या गावच्या मराठी शाळेत. शाळेत माझा मान मोठा होता. इंग्रजीच्या तासाला गुरुजी मला स्वतः उचलून आणत. मात्र एखाद्याने गृहपाठ केला नसेल, तर त्याला मला डोक्यावर धरून वर्गाबाहेर उभं राहावं लागे. तेव्हा शिक्षा मला आतूनही ठाऊक आहे आणि बाहेरूनही. पोटात तिचे शब्द, आणि खाली कुणाचे तरी थरथरणारे हात. ज्याची ही गोष्ट आहे त्या विक्रमनेही शाळेत असताना मला असं पुष्कळदा धरलं आहे.

इंग्रजीत शिक्षेसाठी शब्दांची रेलचेल आहे. फाइन, पेनल्टी, पनिशमेंट, डिसिप्लिन, चॅस्टाइझ, टॉर्चर, आणखी कितीतरी. वरवर सगळे एकाच घरातले वाटतात, पण एकाची टोपी दुसऱ्याच्या डोक्याला बसत नाही. मला तयार करणाऱ्या पंडितांनी तो फरक प्रत्येक शब्दाच्या दुसऱ्या ओळीत नीट लिहून ठेवला आहे. पण लोक पहिली ओळ वाचतात, 'शिक्षा, दंड' एवढं दिसलं की मला मिटतात. घाई असते त्यांना.

शाळेने नवं कपाट घेतलं तेव्हा मला वाचनालयात पाठवलं. पुढे मोबाइल आले आणि मी धूळ खात पडलो. त्याचं मला फारसं वाटलं नाही. डोक्यावर बसण्यापेक्षा धूळ बरी. मग या वर्षी, गावच्या लक्ष्मीच्या यात्रेच्या आधी, मला अचानक काम लागलं.

ही यात्रा दरवर्षी होत नाही. मध्ये कितीतरी वर्षं जातात, पोरं बाप्ये होतात, म्हातारी माणसं निघून जातात. यात्रा ठरली की गाव वार पाळतं. मंगळवारी आणि शुक्रवारी शेतात कुणी औजार घालायचं नाही, पाणी पाजायचं नाही. वार मोडला तर देवीच्या दिव्याला तेल द्यायचं. पंच बसतात, तेल ठरतं, माणूस तेल देतो, विषय मिटतो. आजोबा-पणजोबांपासून असंच चालत आलेलं आहे.

विक्रमच्या आईने, जयाबाईंनी, यंदा वार मोडला. त्यांच्या कोबीची रोपं नुकतीच लावलेली होती आणि मोटर चालेल इतकी लाईट त्या आठवड्यात नेमकी मंगळवारी आली. जयाबाई गेल्या आणि पाणी पाजून आल्या. पंचांनी तेल सांगितलं. पण सांगताना पंचांतले वडीलधारे आण्णाप्पा जरा जास्त बोलले, आणि जयाबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "रोपं वाळल्यावर लाईट देवी देती व्हय?" बसलेली माणसं हसली. आण्णाप्पा हसले नाहीत.

जयाबाईंनी दुसऱ्याच दिवशी तेल पोचतं केलं. त्यानंतर आण्णाप्पांनी निरोप पाठवला, की या यात्रेत जयाबाईंची ओटी देवळात घ्यायची नाही.

विक्रम उद्यमबागेतल्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. त्याने त्याच संध्याकाळी पोलिसांकडे तक्रार लिहायला घेतली. मराठीत लिहावी, तर कचेरीत ती घेतीलच असं नाही. कन्नड त्याला बोलता येतं, पण लिहिताना हात अडतो. राहिली इंग्रजी. आमच्या सीमेवरच्या माणसाला राग आला की तो इंग्रजीत लिहावा लागतो, ही एक गंमतच आहे. मोबाइलवर एक शब्द सापडला, तो विक्रमला मिळमिळीत वाटला. त्याला वजनदार शब्द हवा होता, म्हणून त्याने वाचनालयात येऊन मला खाली काढलं. झरझर पानं उलटली, पहिल्या ओळी वाचल्या आणि 'टॉर्चर' उचलला.

वाचनालय संध्याकाळी सौम्या उघडते. ती गावचीच, स्वतःही परीक्षांचा अभ्यास करते. तिने तक्रार वाचली आणि म्हणाली, "विक्रमदादा, ह्यात तर काकूंना छळून मारलंय असं झालंय. उद्या पोलीस येतील, आण्णाप्पा मामांना जीपमध्ये घालतील, यात्रा बंद पाडतील."

"पाडू देत की! लई माज आलाय."

"यात्राच बंद पडली तर काकू ओटी कुठं भरणार?"

विक्रमने पेन खाली ठेवलं. एवढ्यात जयाबाई स्वतःच आत आल्या. पोरगं रागानं निघालं म्हणून मागोमाग आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "जा रं, आण्णाप्पा भावजीस्नी हिकडं बोलावून आण. त्येंच्यासमोर वाचा काय ल्ह्यायचं त्ये."

आण्णाप्पा आले. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि भिंतीकडे बघत बसले. विक्रम उभाच राहिला. मी टेबलावर उघडा पडलो होतो.

"आम्ही शिक्षा न्हाय केली," आण्णाप्पा म्हणाले. "गावाला शिस्त नगो व्हय? शिस्त लावली."

सौम्याने माझी पानं उलटली आणि प्रथमच कुणीतरी माझ्या दुसऱ्या ओळी मोठ्याने वाचल्या. पेनल्टी, म्हणजे नियम मोडल्याबद्दल आधीपासून ठरलेलं देणं, ते दिलं की बाब संपते. डिसिप्लिन, म्हणजे पुढे चूक होऊ नये म्हणून लावलेलं वळण. पनिशमेंट, म्हणजे चुकीबद्दल मुद्दाम दिलेलं दुःख.

"तेल ही पेनल्टी झाली, मामा," ती म्हणाली. "ती काकूंनी दिली. मग ओटी अडवली ती कशात बसवू?"

आण्णाप्पांनी पुन्हा भिंतीकडे पाहिलं. तेव्हा जयाबाई बोलल्या. आवाज चढवला नाही, माझ्या पानावर हात टेकवून बोलल्या.

"मागल्या यात्रेला माजी सासू हुती. तिनं वटी भरली, म्या निस्तं ताट धरलं. ती म्हणली, फुडच्या यात्रेला तू भर. आता ही यात्रा माजी. हिच्या फुडची मी बघन का न्हाय, कुणास्नी ठावं? भावजी, तुमी मला कशापायी आडवलासा, त्ये एकदा माज्या तोंडावर सांगा. त्यो शबूद पोरगं ल्हील."

मग आण्णाप्पा म्हणाले, "तू चारचौघांत माजं हसं केलंस."

"मग वार मोडल्याचं न्हाय," विक्रम म्हणाला. "हसल्याचं."

सौम्याने आणखी काही पानं उलटून 'व्हिंडिक्टिव्ह' हा शब्द काढला. आण्णाप्पांना इंग्रजी येत नव्हतं, पण मराठी चौथीपर्यंत झालेलं होतं. तिने बोट ठेवलं तिथलं त्यांनी स्वतःच वाचलं, एकेक अक्षर लावत, पोरासारखं. 'सूड उगवण्याच्या बुद्धीने दिलेली (शिक्षा).' त्यांनी ते पुन्हा एकदा वाचलं. मग टोपी घातली आणि उठले.

"फौजदाराला धाडायचं तर धाड, विक्रम," ते दारात थांबून म्हणाले. "पर त्यो मगासचा छळाचा शबूद खोटा हाय. धाडायचं तर ह्यो धाड."

तक्रार गेली नाही. विक्रमने ती फाडलीही नाही, नुसती खिशात घालून घरी गेला. तो आणि आण्णाप्पा आजही एकमेकांशी बोलत नाहीत, असं सौम्या सांगते. गावात सगळंच गोड होत नसतं.

मी कपाटातून यात्रा पाहू शकलो नाही. पण सौम्या दुसऱ्या दिवशी आली आणि मला पुसताना मैत्रिणीला सांगत होती, ते मी ऐकलं. बायकांची रांग मोठी होती. जयाबाई हिरवं लुगडं नेसून रांगेत उभ्या होत्या आणि पुढे सरकायला भीत होत्या. आण्णाप्पा देवळाच्या दाराशी होते. त्यांनी जयाबाईंना पाहिलं आणि बाजूला सरून म्हणाले, "वैनी, या. वाट सोडा रं." पोरांनी वाट सोडली. जयाबाईंनी ओटी भरली, आणि बाहेर येऊन पायरीवर बसून सासूची आठवण काढून खूप रडल्या.

मित्रांनो, मला कव्हर घालाल तर उत्तम, वाळवीपासून जपाल तर त्याहून उत्तम. आणि तेही जमलं नाही तर एवढं करा. कधीतरी कुणाला शिक्षा करायची पाळी तुमच्यावर येईलच, घरात, वर्गात किंवा पंचांत बसून. त्या दिवशी मला उघडा आणि तुमच्या मनात जे आहे त्याचा खरा शब्द शोधा. तो मोठ्याने वाचताना जीभ अडखळली, तर समोरच्या माणसाला जाऊ द्या.