वरचा आकडा

नर्सनं पट्टा दंडाभोवती गुंडाळला तसे मास्तरांनी डोळे मिटून घेतले. तळपाय जमिनीला टेकलेले, पाठ खुर्चीला, तोंड बंद, मनात कसलाही विचार नाही. आठ महिन्यांत ही सगळी शिस्त त्यांच्या अंगवळणी पडली होती. मनात विचार न आणणं तेवढं काही केल्या जमत नव्हतं.

"बोलू नका हं," नर्स म्हणाली.

ते बोलत नव्हतेच. त्यांचे ओठ तेवढे हलत होते, कारण ते आकड्याच्या विनवण्या करत होते.

नर्स नवीन होती. एरवी मास्तरांचं प्रेशर मोठे डॉक्टर स्वतः मोजायचे. पाऱ्याचं जुनं यंत्र ते आपल्याकडे तोंड करून ठेवायचे, आणि पारा खाली उतरेपर्यंत मास्तरांना त्यांच्या भुवयांशिवाय काही दिसायचं नाही. आज डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकले होते. ते येईपर्यंत मोजून ठेवते, असं म्हणून या मुलीनं आपणहून पट्टा बांधला होता.

मास्तरांचं सगळं घोडं या वरच्या आकड्यापाशीच पेंड खात होतं. त्यांच्या थोरल्या बहिणीच्या, ताईच्या, दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा ती चार-चार तास मशीनला जोडलेली असायची. मास्तरांची किडनी तिला जुळत होती. रक्त जुळलं, बाकीच्या तपासण्या जुळल्या, सगळं जुळलं आणि शेवटी देणारा माणूसच नापास झाला. वजन अठ्ठ्याण्णव किलो, वरचा आकडा एकशे अठ्ठावन्न. वजन ऐंशीच्या खाली आणि वरचा आकडा एकशे तीसच्या आत आणा, तोही गोळीशिवाय, मग पुढचं बोलू, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

सत्तावीस वर्षं शिवणयंत्रावर बसून काढलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे कपाटाला पळ म्हणून सांगण्यासारखंच होतं. पण मास्तरांनी त्याच आठवड्यात एका निवृत्त पोस्टमनची जुनी सायकल घेतली आणि पहाटे पाण्याच्या टाकीच्या चढाकडे निघाले. पहिल्या दिवशी गल्लीच्या कोपऱ्यावरच त्यांना उतरावं लागलं. दुसऱ्या आठवड्यात गल्लीतली कुत्री त्यांच्या मागे लागली आणि चार पावलांवर कंटाळून परत फिरली. इतक्या सावकाश जाणाऱ्या माणसामागे धावण्यात त्यांनाही राम वाटेना. गिऱ्हाइकं हसली, शेजारी हसले, मास्तरही हसले. पण एकही सकाळ चुकवली नाही. तिसऱ्या महिन्यात ते न उतरता टाकीपर्यंत पोचले आणि टाकीच्या भिंतीला धरून लहान मुलासारखे रडले.

आता वजन एकोणऐंशी होतं. पॅन्टची कंबर त्यांनी स्वतःच चार वेळा आत घेतली होती. मागचे दोन खिसे सरकत सरकत एकमेकांना भेटायच्या बेतात आले होते, तरी नवी पॅन्ट शिवायला त्यांचा हात धजत नव्हता. आधी ताईचं होऊ दे.

प्रेशर मात्र हटत नव्हतं. दुकानाशेजारच्या औषधवाल्याच्या यंत्रावर एकशे बावीस यायचं, आणि डॉक्टरांकडे गेलं की एकशे बेचाळीस. काही जणांचं दवाखान्यातच चढतं, आम्हाला आमचाच आकडा धरावा लागतो, असं डॉक्टर म्हणायचे. मास्तर दर महिन्याला पडल्या चेहऱ्यानं घरी यायचे. पाचव्या महिन्यात तर त्यांचं डोकंच फिरलं. बायको पहिल्यापासून या ऑपरेशनच्या विरोधात होती, आणि तिनं ते लपवलंही नव्हतं. तेव्हा जेवायला बसल्यावर मास्तरांनी ताट पुढे सरकवलं आणि माझी किडनी जायला नको म्हणून तू मुद्दाम भाजीत मीठ जास्त घालतेस, असं तिला तोंडावर सुनावलं. बायकोनं ताट उचललं. आतल्या खोलीतून ताईचाच आवाज आला होता, "तिला बोलू नकोस, ढब्बू. तिचा काही दोष नाही." ताईचं मनच मोठं, असं मास्तरांना तेव्हा वाटलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून बायको स्वयंपाकाच्या वेळी त्यांना हाक मारायची, अर्धा चमचा मीठ त्यांना दाखवायची आणि मगच भाजीत टाकायची. त्या दिवसापासून ती त्यांच्याबरोबर जेवायलाही बसली नव्हती.

"एकशे अठरा," नर्स म्हणाली. "खालचं शहात्तर. छान आहे की!"

मास्तरांनी डोळे उघडले. पुन्हा मोजा, म्हणाले. तिनं दुसऱ्या दंडावर मोजलं. एकशे सोळा. मास्तर खुर्चीतून उठले, पुन्हा बसले आणि पुन्हा उठले. हे आत्ताच्या आत्ता माझ्या फायलीत लिहा, बहिणीला किडनी द्यायची आहे, एवढ्या एका आकड्यासाठी सगळं अडलंय, असं ते एका दमात बोलून गेले. पोरगीही हरखली. फाईल आणायला ती जवळजवळ पळतच गेली.

परत आली ती मात्र हळू चालत. फाईल उघडून तिनं एक पान वाचलं, मागचं वाचलं, पुन्हा पहिलं वाचलं.

"काका, ही तर बंद केलेली आहे."

"बंद म्हणजे?"

"पेशंटनं नकार दिलाय. भावाची किडनी घ्यायची नाही म्हणून. खाली सही आहे त्यांची." मग तिनं तारीख वाचली, आणि वाचताना तिचा आवाज बारीक झाला.

मास्तरांनी सायकल घेतली त्याच्या दुसऱ्या दिवशीची तारीख होती ती.

डॉक्टर आले तेव्हा डोक्यावरची हिरवी टोपीही काढायची राहिली होती. फाईल कुणाच्या हातात आहे हे त्यांनी पाहिलं, नर्सला बाहेर जायला सांगितलं आणि मास्तरांना बसा म्हणाले. मास्तर उभेच राहिले.

पहिले चार महिने सांगितलेला आकडा खरा होता, डॉक्टर म्हणाले. त्यानंतरचा नव्हता. हे नियमाला धरून नव्हतं आणि त्याचा जाब द्यायला ते तयार होते. पण मास्तरांची ताई त्यांच्यासमोर तासभर बसून होती आणि तिच्यापुढे त्यांनी हात टेकले होते.

"काय म्हणाली ती?"

डॉक्टरांनी टोपी काढली, तिची घडी घातली. "म्हणाल्या, आमचे वडील पन्नाशीत गेले. प्रेशरनंच. शिलाई मशीनवर बसल्या बसल्या गेले, पायाखालचं चाक तेव्हा फिरतच होतं. भाऊ अठ्ठेचाळीसचा झालाय. स्वतःसाठी तो दोन जिने चढणार नाही, पण माझ्यासाठी डोंगर चढेल. तर चढू द्या त्याला. आणि एकदा अंगाला सवय लागेपर्यंत खाली उतरू देऊ नका."

मास्तर फाइलीतल्या सहीकडे बघत राहिले. ठसठशीत, सुवाच्य अक्षर, एकही वळण कापरं नाही.

"आता मी तयार आहे," ते म्हणाले. "तिला मी समजावतो. तुम्ही तारीख द्या."

डॉक्टरांनी पुढे होऊन फाईल मिटली.

"उशीर झाला का?"

"गेल्या महिन्यापासून त्यांचं हृदय साथ देईनासं झालंय, मास्तर. भूलसुद्धा सोसणार नाही त्यांना."

"आणि चार महिन्यांपूर्वी? तेव्हा झालं असतं?"

डॉक्टरांना खोटं बोलता आलं असतं. पण आज खोटं बोलायचं नाही असं त्यांनी ठरवलं असावं. "झालं असतं," ते म्हणाले.

मास्तर बाहेर आले आणि सायकल हातात धरून चालू लागले. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात. इथं मुंगीची पावलं मोजण्यात ते आठ महिने दंग होते आणि हत्ती घरातच उभा होता. ताईचा त्यांना इतका राग आला की ती समोर असती तर तोंडाला येईल ते बोलले असते. माझ्या किडनीवर माझा हक्क नाही? मला काय विचारायचंही नव्हतं? आई गेल्यापासून त्यांच्यासाठी तीच ठरवत आली होती. शाळा तिनं ठरवली, कपड्यांचं दुकान नको, शिवणकाम कर, हेही तिनंच. आता स्वतःचं मरणसुद्धा तिनं एकटीनं ठरवून टाकलं होतं. वडील गेले तेव्हाही मास्तरांना इतकं पोरकं वाटलं नव्हतं.

घराकडचा चढ आला. सवयीनं टांग टाकली गेली आणि पायांनी आपोआप लय धरली. वर पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला दम लागलेला नाही. छाती शांत होती, श्वास एका सुरात चालला होता. त्या श्वासाचाच त्यांना संताप आला. रस्त्याच्या कडेला थांबून, सायकलच्या सीटवर कपाळ टेकून ते मोठ्यानं रडले. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, बिचाऱ्याला चढ झेपला नाही.

घरात ताई खिडकीपाशी उशांना टेकून बसली होती. काल मशीनवर होती, त्यामुळे आज जरा बरी होती. म्हणजे कप दोन्ही हातांनी धरता येत होता, एवढंच. टेलिफोनच्या ऑफिसात छत्तीस वर्षं तिनं लोकांचे फोन जोडून दिले होते. कानावर पडेल ते ऐकायचं आणि पोटात ठेवायचं, हीच तिची नोकरी. वायरवरच्या श्वासावरून पलीकडचं माणूस आता रडणार हे तिला आधी कळायचं, असं ती कधीमधी सांगायची.

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. दर महिन्याला या वेळी ती तिथंच उभी असायची. हात कोरडेच असले तरी पदराला पुसत राहायची.

"किती?" ताईनं विचारलं.

रस्ताभर मास्तरांनी वाक्यं जुळवली होती. त्यातली निम्मी ओरडून बोलायची होती. पण ताईचं मनगट बघितल्यावर त्यांना वाटलं, राहू दे. अजून थोडं जास्त आहे म्हणावं. तिनं रचलंय ते तिच्यापुढे शेवटपर्यंत उभं राहू द्यावं. मूग गिळून बसावं आणि उद्या पुन्हा निघावं. ते तसं बोलणारही होते, इतक्यात त्यांची नजर दाराकडे गेली. बायको जमिनीकडे बघत उभी होती, बोलणी खायच्या तयारीत.

"एकशे अठरा," मास्तर म्हणाले.

बायकोनं मान वर केली. मग दाराची चौकट धरून ती सावकाश खाली बसली आणि तिनं पदरात तोंड लपवलं.

हा आकडा डॉक्टरांनी सांगितलेला नाही, हे ताईला लगेच कळलं. कप तिनं मांडीवर टेकवला.

"डॉक्टर भेटले?"

"भेटले. नंतर आले."

"बोलले?"

"बोलले."

ताईनंच मग भावजयीकडे तोंड वळवलं. "तुझ्या मिठात काही नव्हतं गं. मला माहीत होतं, आणि तरी मी तुला बोलणी खाऊ दिली. मला माफ कर."

बायकोनं पदर खाली घेतला. ताईकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि एकेक करत सगळं तिच्या ध्यानात येत गेलं. ती उठली, ताईच्या हातातला कप तिनं हळूच काढून घेतला.

"चहा गार झाला तुमचा, ताई," ती म्हणाली. "दुसरा करते." पण कप हातात धरून ती तिथंच उभी राहिली.

"रागावलास?" ताईनं भावाला विचारलं.

"हो."

"खूप?"

मास्तर पलंगाच्या कडेवर, तिच्या पायांशी बसले. तिच्या पायांवर सूज होती. त्यांनी एक पाऊल मांडीवर घेतलं आणि अंगठ्यानं हलके हलके दाबू लागले. दाबलं की खळगा पडायचा आणि तो तसाच राहायचा.

"आता सायकल टाकून देशील," ताई म्हणाली. आठ महिन्यांत तिच्या आवाजात भीती अशी त्यांनी आजच ऐकली.

टाकून देतोच, असं म्हणायची त्यांना जबर इच्छा झाली. तिच्यावर सूड उगवायला जगात तेवढा एकच मार्ग उरला होता, आणि तो त्यांच्या हातात होता.

"नाही टाकत," ते म्हणाले.

"उद्या जाशील?"

"जाईन."

"आणि नंतर?"

कशानंतर, हे तिनं सांगितलं नाही. मास्तरांनी ताईचं पाऊल दोन्ही हातांत घट्ट धरलं आणि मान खाली घातली. हे एवढं कबूल केलं की सगळंच कबूल केल्यासारखं होतं, हे त्यांना कळत होतं. तिलाही कळत होतं, म्हणूनच ती थांबली होती.

"नंतरही जाईन, ताई," ते म्हणाले. "रोज जाईन."

ताईनं मान मागे उशीवर टेकली आणि डोळे मिटले.

"मग झालं," ती म्हणाली.