तिथीचा रकाना

मी बोर्ली पंचतनच्या कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते. भरती-ओहोटीच्या वेळा काढणारा एक छोटा प्रोग्राम मी काही वर्षांपूर्वी लिहिला आणि सर्वांसाठी खुला ठेवला. कोणीही कोड वाचावा, बदलावा, वापरावा. त्याची वेबसाइटही मीच केली होती. उघडली की थेट आजचा तक्ता: तिथी, भरती, ओहोटी. दुसरं काही नाही.

पुढे अनोळखी लोकांनी त्यात दूरदूरची बंदरं घातली आणि त्या बंदरांच्या तक्रारी माझ्याकडे येऊ लागल्या. पेपर तपासून झाले की मी उत्तरं लिहायला बसे. काम अवघड नव्हतं. संपत नव्हतं, इतकंच.

म्हणून पुण्याच्या अजेयने सगळं सांभाळायची तयारी दाखवली तेव्हा मी लगेच हो म्हटलं. त्याची अट एकच, वेबसाइट नव्याने करायची. "जबाबदारी माझी, तर पानही माझं, ताई." मला ते रास्त वाटलं.

त्याने नवं पान बघायला पाठवलं, त्या दिवशी सगुणाबाई कालवं द्यायला आल्या होत्या. त्या खडकावरची कालवं काढून विकतात आणि खडकाकडे निघण्याआधी माझं पान बघतात. मी त्यांच्या हातात फोन दिला.

"ह्यो दर्या कुठला?" त्यांनी विचारलं. "येवढा निळा? आपला न्हाय."

"चित्र आहे ते. खाली सरकवा."

त्यांनी सरकवलं. मोठी अक्षरं गेली, एक बटण गेलं, मग वेळा आल्या.

"आन् तिथी?"

मी पाहिलं. तिथी नव्हती.

"तारीख आहे की वर."

"तारीख घिऊन काय करू? आज दशमी, ती मला ठावं हाय. पानावर दशमी दिसली म्हंजे कळतं, ह्ये आजचं हाय. तुमचं नेट कवा कवा दोन-तीन दिसांचं शिळं दावतं. मंग येवढं चालत जावं, तर खडक पान्याखाली. दिवस गेला."

त्या गेल्यावर मी अजेयला फोन लावला.

"तो रकाना मीच काढला," तो म्हणाला. "पंचांगासारखा दिसत होता. बाहेरचे लोक विचारतात, हे धार्मिक आहे का?"

"तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून किती पुढे गेला ते. बारा अंशांची एक. पाणी त्यावरच चालतं, अजेय."

"मग चंद्राचं चित्र टाकतो."

"चित्रावरून नवमी की दशमी ते ओळखता येतं का तुला?"

तो थकल्यासारखा म्हणाला, "ताई, तुमच्या किनाऱ्यासाठी तिथी ठेवली की उद्या दुसरा कोणीतरी त्याच्या किनाऱ्यासाठी दुसरं काही मागणार. सगळ्यांना हो म्हणत गेलो तर वर्षभरात मी तुमच्यासारखाच होईन."

तो मला ओळखून बोलला होता.

मी आणखी एक दिवस थांबले. नाही म्हटलं असतं तर तो गेला असता, आणि मागे मीच उरले असते. मी त्याचे बदल स्वीकारले, वेबसाइटचा पत्ता आणि पासवर्ड त्याच्या हवाली केले. त्याने आभाराचा लांब मेल लिहिला. तो मी पूर्ण वाचला नाही. खुल्या कोडची प्रत कोणीही घेऊ शकतो, तशी मी जुन्या पानाची घेतली आणि वेगळ्या पत्त्यावर चढवली. त्यात फक्त आपला किनारा ठेवला, मुरुडपासून खाली श्रीवर्धनपर्यंत.

आता नवा पत्ता पान बघणाऱ्या प्रत्येकीच्या फोनमध्ये घालायला हवा होता. बाजारच्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी मासळीच्या ओट्यांपाशी गेले. सगुणाबाईंना काय झालं ते सांगितलं.

"म्हंजे घर दुसऱ्याला दिलं," त्या म्हणाल्या, "आन् सोता पडवीत ऱ्हाता व्हय?"

"व्हय," मी म्हटलं.

शेजारची केसर मोठ्याने हसली. "पडवीला भाडं किती, बाई?"

सगुणाबाईंनी ओले हात लुगड्याला पुसले, कमरेचा फोन काढून दिला. मी पत्ता घातला. तक्ता आला. त्यांनी आधी तिथी पाहिली, मग वेळ.

"अक्षर मोठं करा जरा. डोळं गेलं आमचं."

"करते."

"आजच करा, बाई. उद्या म्हनाल नि ऱ्हाईल."

मी मान डोलावली. तोवर केसरने तिचा फोन पुढे केला होता, आणि तिच्यामागे आणखी दोघी उभ्या होत्या.