खुर्चीत बसलं की चढतं

हिची दाढ आठवडाभर ठणकत होती. गिळताना हिच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि ते बघून माझाही घास उतरत नव्हता. शेवटी, आज काही झालं तरी दाढ काढायचीच, असं ठरवून आम्ही निघालो.

मी जन्मभर चौथीच्या वर्गाला शिकवलं. पुढे काय होणार हे मुलांना आधी नीट समजावून सांगितलं की त्यांची भीती पळते, असा माझा अनुभव. म्हणून वाटेत हिलाही सगळं सांगितलं. आधी सुई, मग हिरडी बधिर होणार, मग पकड. ही भराभर पुढे चालत होती.

खुर्चीत बसवून डॉक्टरीणबाईंनी हिच्या दंडाला पट्टा गुंडाळला. मशीन गुरगुरलं आणि आकडा आला : एकशे ब्याऐंशी.

"काकू, एवढ्या बीपीला मी दाढ नाही काढू शकत."

"अहो, घरी एकशे तीसच्या वर कधी जात नाही माझं!" ही रडकुंडीला आली. "आज परत पाठवू नका हो."

"मशीन बिघडलंय," मी म्हणालो. "माझ्या दंडाला लावून बघा. मला काहीएक नाही."

लावलं. एकशे अडुसष्ट.

"बघा! म्हणालो नव्हतो?"

डॉक्टरीणबाईंनी तोच पट्टा स्वतःच्या दंडाला लावला. एकशे सोळा.

आता मात्र माझं डोकं चालेना. मशीन खोटं, तर यांच्यापुरतंच खरं कसं?

"तोंड बघून टिळा लावतंय मेलं," गालावर हात दाबत ही पुटपुटली.

"पाच मिनिटं शांत बसा, काकू. पायावर पाय नको. मग पुन्हा बघू," असं म्हणून डॉक्टरीणबाई हात धुवायला वळल्या.

मी हिचा हात घट्ट धरला आणि धीर देऊ लागलो. "ती पकड दिसते ना, तिनं एकदम ओढत नाहीत. खुंटी भिंतीतून काढताना आपण आधी हलवून सैल करतो ना, तसं."

"अहो..."

"घाबरू नकोस. कधीकधी मूळ आत मोडतं, पण तेसुद्धा काढता येतं."

पुन्हा पट्टा. एकशे नव्वद.

डॉक्टरीणबाईंनी आकड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काका, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

"मी? अहो, तिला माझाच तर आधार आहे."

"आहेच. तरी बसा."

बाहेरच्या बाकावर बसून मी विचार करत राहिलो. आधार काढून घेतला तर माणूस जास्त घाबरेल की कमी? उत्तर काही जुळेना. थोड्या वेळानं दारापलीकडे मशीन पुन्हा गुरगुरलं.

"एकशे शेहेचाळीस! छान. काकू, आ करा."

दाढ निघाली. ही दातांत कापसाचा बोळा धरून बाहेर आली. गाल सुजलेला, पण डोळे निवांत.

"सुई आधी टोचली ना? मी सांगितलं तस्संच झालं ना?"

हिनं फक्त हात झटकला.

"काका, आता तुमचा दंड द्या," मागून डॉक्टरीणबाई आल्या. "तुमचा आकडा विसरले नाही मी."

"पण पेशंट ही आहे!"

पट्टा आवळला गेलासुद्धा. मी हिच्याकडे वळलो. "हे बघ, आता यात हवा भरते, मग रक्ताची नळी दाबली जाते आणि..."

हिला बोलता येत नव्हतं. हिनं एका हाताची घडी घातली आणि दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं. अख्खा वर्ग मी याच खुणेनं गप्प करत आलो. मी गप्प बसलो.

एकशे चोपन्न.

"उतरलं, तरी जास्तच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उद्या तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. काकूंना सोबत न्या."

मी मान हलवली. हिचं बीपी मी चढवत होतो, असं त्यांचं म्हणणं दिसलं. ठीक आहे. पण मग माझं कोण चढवत होतं?