तिसऱ्याने वेगळं बसायचं

"फक्त तुमची सही राहिलीय, मिस वर्नेल. बाकी दहा जणांच्या झाल्यात," नादिरा म्हणाली आणि तिने कागद माझ्या सूपशेजारी ठेवला.

मी आधी कागदाकडे नाही, आजूबाजूला पाहिलं. टेबलावर मी होते, टपाल वाटणारा ओथा होता आणि आता ही येऊन बसली. म्हणजे तिघं झाले. आमच्या विमा कंपनीत आम्हा काळ्या माणसांचा एक नियम आहे. जेवणाच्या खोलीत एका टेबलावर दोघंच बसायचं, तिसऱ्याने वेगळं बसायचं. नादिरा नोकरीला लागली त्याच दिवशी मी तिच्या कानात हे सांगितलं होतं, तर ती हसली. तिला वाटलं, मी थट्टा करतेय. मी कशाला थट्टा करू? तो नियम मीच घातलेला आहे.

सव्वीस वर्षांपूर्वी आमच्यातल्या क्लॉडेटच्या वाढदिवसाला आम्ही चौघी एकत्र जेवत होतो. तेव्हाचा साहेब जाता जाता थांबला आणि हसत म्हणाला, "काय बायांनो, कसला कट शिजतोय?" तो हसला, म्हणून आम्हीही हसलो. दुसऱ्या दिवसापासून मी वेगळी बसायला लागले आणि इतरांनाही बसवलं. कुणी सांगितलं नव्हतं हो. पण विषाची परीक्षा कशाला घ्यायची? पुढे आमच्यातलं जे कुणी नोकरीला लागलं, त्याच्या पदरात मी हे शहाणपण बांधलं. मला वाटायचं, मी त्यांना जपतेय.

नादिराला मात्र मंडळ काढायचं होतं. आम्ही काळे, मेक्सिकोचे दोघं, फिलिपिन्सची एक, असे गोरे नसलेले सगळे मिळून अख्ख्या इमारतीत अकरा जण. महिन्यातून एकदा दुपारची एक खोली मिळावी, एकत्र जेवावं, नव्या माणसाला बढतीचा अर्ज कसा करतात ते कुणीतरी सांगावं, एवढंच तिचं मागणं. पण कंपनीच्या नियमाप्रमाणे मंडळातल्या एका वरिष्ठाची सही लागते, आणि अकरा जणांत वरिष्ठ मी एकटी.

"ठेव, वाचते," मी म्हटलं. तो कागद तीन आठवडे माझ्या ड्रॉवरमध्ये पडून राहिला. नादिराने एकदाही आठवण करून दिली नाही. रोज सकाळी माझी विचारपूस तेवढी करायची.

मग एके दिवशी मिस्टर हॅल्व्हर्सननी बोलावलं. हा आताचा साहेब, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. तो मला वर्नेल म्हणतो आणि मी त्याला मिस्टर म्हणते. मंडळाचं त्याच्या कानावर गेलं होतं. पोरगी कशी आहे, असं त्याने विचारलं.

माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं. कामाला चोख आहे, मी म्हटलं. तिथेच थांबायचं की नाही? पण त्याने भुवई वर केली, आणि मला धास्ती वाटली की हा मलाही तिच्यातलीच समजेल.

"जरा तापट आहे," मी म्हटलं. "वय आहे तिचं. आम्हाला काही इथे असल्या मंडळाची कधी गरज पडली नाही."

त्याने कॉफी मागवली. मी ती प्यायलेसुद्धा.

एप्रिलमध्ये नादिराचा वार्षिक शेरा आला. त्यात लिहिलं होतं, स्वभाव तापट. निरीक्षकाच्या जागेसाठी तिने अर्ज केला होता, ती जागा दुसऱ्याला गेली. ती शेरा घेऊन माझ्याकडे आली. डोळे कोरडे होते.

"तीन वर्षं तुमच्या शेजारी बसते मी. कधी कुणावर आवाज चढवलाय?"

"नाही गं."

"मग साहेबांसमोर एवढं सांगाल? तुमचं ऐकतात ते."

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण मला वाटलं, गुपचूप निस्तरता येईल. मी हो म्हटलं.

साहेबाच्या खोलीत आम्ही दोघी शेजारी शेजारी बसलो. मी सांगितलं, ही शांत मुलगी आहे, शेरा चुकीचा आहे. हॅल्व्हर्सन गोंधळला. त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन.

"पण वर्नेल, हा शब्द तुझाच आहे," तो म्हणाला. "मी फक्त लिहून घेतला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तेव्हा खोटं बोलले, असं मी कसंबसं म्हटलं, आणि बघतो, असं तो म्हणाला. पण जागा तर भरून झाली होती. नादिराने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. त्याचे आभार मानले, खुर्ची नीट आत सरकवली आणि बाहेर पडली.

मी माझ्या टेबलाशी आले तर ती तिथे उभी.

"तो अर्ज द्या."

"नादिरा, पोरी, मी..."

"सही करा, मिसेस पेटवे. दहा माणसं थांबलीत."

आजवर मी तिची मिस वर्नेल होते, आडनावाने तिने पहिल्यांदाच हाक मारली. मला वाटलं होतं, ती मला शिव्या देईल, निदान रडेल. माझी सही तिला शिसारी यावी अशीच होती. पण ती लागत होती, म्हणून तिने घेतली. तारीख बरोबर आहे ना ते पाहिलं आणि कागद घेऊन गेली.

मंजुरी आली. नोटिशीवर सगळ्यात वर माझं नाव. पहिल्या गुरुवारी मी मक्याचा गोड पाव भाजून नेला. बाहेरूनच हसणं ऐकू येत होतं. ओथा कुणाची तरी नक्कल करत होता आणि सगळे पोट धरून हसत होते. मी दार उघडलं तसा तो खाली बसला.

नादिराने स्वतः उठून मला खुर्ची दिली. सगळ्यांनी पाव घेतला, छान झालाय म्हणाले. मग कुणीतरी यंदा उकाडा लवकर आल्याचा विषय काढला, आणि सगळे उकाड्यावरच बोलत राहिले. मी भराभर खाल्लं आणि काम आहे म्हणून उठले.

बाहेर येऊन दार ओढून घेतलं. आत ओथा काहीतरी बोलला, आणि पुन्हा सगळे हसायला लागले.